तीनची बस, पुढचं दार

२८ मार्च, गुरुवार

आजही ती आली.

हेब्बाळपर्यंत पुढची खिडकीची जागा रिकामीच होती. कंडक्टर देवाप्पाने तिथे आपली पिशवी ठेवली होती. हेब्बाळला पुढच्या दारातून बायकांचा लोंढा चढला, आणि तो निवळला तेव्हा ती बसलेली दिसली. अंबाड्यात अबोलीचा गजरा, अंगात मरून स्वेटर. यंदाच्या असल्या उन्हात स्वेटर! पण कस्तुराला बाराही महिने थंडी वाजायची.

मी मागे, पुरुषांच्या बाजूला. बंगळूरच्या बसची रीतच ती. लग्नानंतर पहिल्यांदा दोघे बसला गेलो तेव्हा मी तिच्या मागोमाग पुढच्याच दाराने चढलो, आणि कंडक्टरने सगळ्यांदेखत मला मागे पिटाळलं. सगळी बस हसली, तीही हसली. तेव्हापासून जन्मभर मी बसमधून काय पाहिलं असेल तर तिची मान. ती चिकपेटेतल्या भावसारांची मुलगी, इथेच जन्मलेली, रस्ते तिला पाठ. मी खानापूरकडचा, मला कविता पाठ. ती उठली की मी उठायचं. ती पुढून उतरली की मी मागून उतरायचं. स्टॉप कुठला, हे मला कधी विचारावंच लागलं नाही.

उतरल्यावर ती माझ्यासाठी थांबायचीही नाही. "जोडीनं डुलत डुलत आलो तर चहा कोण ठेवणार?" असं म्हणून तरातरा पुढे. आजही तसंच. मागच्या दारातली गर्दी मला खाली सोडीपर्यंत ती वळणाआड गेली होती.

घरी आलो तर सूनबाईंनी चहा ठेवलेला. त्यांना धाप लागली होती. गच्चीवरचे कपडे काढायला धावपळ झाली म्हणाल्या.

कस्तुरा कार्तिकात गेली. श्रीरंगपट्टणला अस्थी मी माझ्या हातांनी सोडल्या. हे मला माहीत आहे. मला वेड लागलेलं नाही, हेही इथे लिहून ठेवतो.

४ एप्रिल, गुरुवार

ती फक्त गुरुवारी येते. चिकपेटेच्या देवळात दुपारचं भजन गुरुवारीच असतं. आम्ही दोघे जायचो, मी अजून जातो. तेव्हा यायची तर गुरुवारीच येणार.

मध्ये एका मंगळवारी मी धोतरजोडी आणायला पेटेत गेलो होतो. येताना पुढे भलत्याच बायका. कुणी उठेना, म्हणून मीही बसून राहिलो. बस थेट डेपोत गेली. त्याआधी, कार्तिक संपता संपता, असाच एकदा गेलो होतो. तेव्हा तिथल्या माणसाने मुलाला, निहारला, फोन केला आणि निहार ऑफिस सोडून गाडी घेऊन आला. येताना वाटेत एक शब्द बोलला नाही. आईवर गेलाय.

त्या वेळीच माझी बस बंद होणार होती. सूनबाई मध्ये पडल्या. "निहार, त्यांचं एवढं एकच आउटिंग आहे. गुरुवारचं बघू ना आपण. आय विल मॅनेज." प्रियदर्शनी नाव त्यांचं. नागपूरच्या. बोलताना निम्मं इंग्रजी, पण माया निम्मी नाही. तिथून पुढच्याच गुरुवारी कस्तुरा पहिल्यांदा दिसली. मला बंदी होता होता राहिली, हे तिला कळलं असणार.

आज सकाळी कुणी नसताना तिचं कपाट उघडलं. मरून स्वेटर जिथल्या तिथे होता. हातात घेतला. डांबराच्या गोळ्यांचा वास यायला हवा, पण येत होता बसचा. धूर, ऊन, आणि खोबरेल. मी घडी मोडली होती ती पुन्हा घालता येईना, तसाच ठेवून दिला.

संध्याकाळ. आज धीर करून देवाप्पाला विचारलं. हा देवाप्पा अथणीकडचा. मराठी बोलतो, पण प्रत्येक वाक्याच्या शेपटीला कानडी.

"देवाप्पा, ती पुढची बाई कोण?"

"यारी? कुठली बाई?"

"स्वेटरवाली. खिडकीशी."

त्याने मान उंचावून पुढे बघितलं, मग माझ्याकडे, मग छताकडे. "मला काय दिसंना बघा अज्जा. तुमी बसा निवांत." आणि शिट्टी तोंडात घालून पाठ फिरवली. त्याचे खांदे हलत होते.

पण थोड्या वेळापूर्वी यानेच तिला मशिनमधून बायकांचं फुकट तिकीट काढून दिलं होतं. मी डोळ्यांनी पाहिलं. जी दिसत नाही तिला तिकीट कसं दिलं? नंतर वाटलं, काही माणसांचे हात त्यांच्या डोळ्यांपेक्षा शहाणे असतील.

चौथीत आमचे गुरुजी हाताची घडी घालून कविता म्हणायला लावायचे. चाल चुकली की पुन्हा पहिल्यापासून. बसमध्ये मी अजून तशीच घडी घालतो. आज चार ओळी जुळल्या:

पुढे तू नि मागे मी,
मधे माणसांची दाटी;
उतरायचे एका ठायी,
म्हणून ही आटाआटी.

'आटाआटी' बरं नाही. गुरुजींनी छडी मारली असती.

११ एप्रिल, गुरुवार

ईदमुळे बस रिकामी होती. पुरुषांत मी आणि एक पेंगणारा पोलीस. मला वाटलं, आज गर्दीचा आडोसा नाही, आज ती येणार नाही. पण आली. सगळी बस रिकामी, आणि तिची पाठ आणि मी. एकदाही वळली नाही. मीही हाक मारली नाही. तोंड पाहिलं तर जाईल, असं मनाने घेतलंय. आणि मान मी ओळखतो, पण तोंड दुसऱ्याच कुणाचं निघालं तर?

हुणसेमरला, आमच्या स्टॉपला, उतरताना देवाप्पा म्हणाला, "अज्जा, सोमवारपासनं उन्हाळी वेळापत्रक. शाळा बंद, म्हणून फेऱ्या कमी केल्यात. ही तीनची बंद."

"बंद म्हणजे?"

"शाळा उघडंस्तोवर नाही. साडेचारची हाय, त्यात या. मी नसतो पण. मला दुसऱ्या रूटला टाकलंय." मग पुढच्या दाराकडे बघत उगाच मोठ्याने म्हणाला, "सगळ्यांनी ऐकलं न्हवं? तीनची बंद, साडेचारची चालू!"

कस्तुरा उतरता उतरता क्षणभर थबकली. तिनेही ऐकलं.

१२ एप्रिल

रात्रभर एकच विचार. ती तीनची बाई आहे. भजन अडीचला सुटायचं, की तीनची बस. साडेचारला ती कधी बसलीच नाही. त्या वेळी ती स्वयंपाकघरात असायची. ऐकलं तिने, पण साडेचारला ती येणार कशी?

सकाळी सूनबाईंना म्हटलं, बसवाल्यांना एक अर्ज लिहून द्या. त्यांनी ते ऐकून घेतलं, आणि मग बोटांवर काहीतरी हिशेब मांडत बसल्या. "साडेचारला माझा कॉल असतो. तो हलणार नाही. शिट." मग जीभ चावली. "सॉरी आप्पा." त्यांच्या कॉलचा आणि माझ्या बसचा काय संबंध, ते मला समजलं नाही. पण चेहरा उतरला होता खरा.

"या उन्हाळ्यात नाही गेलात तर? जूनमध्ये परत सुरू करू."

"आणि ती?" असं माझ्या तोंडून निघून गेलं.

त्यांनी विचारलं नाही, ती कोण. गॅसवरचं दूध बघायला गेल्या. दूध तापत नव्हतंच.

१८ एप्रिल, गुरुवार

गेलो. न जाऊन कसं चालेल? ती साडेचारला आलीच असती आणि मागे मी नसतो तर?

ती नव्हती. हेब्बाळला चढलेल्यांत एकही अंबाडा नाही. पुढच्या खिडकीत कॉलेजातली एक पोरगी कानात तारा घालून बसली होती. नवी कंडक्टरीण कडक. मी हुणसेमरबद्दल विचारावं म्हणून तोंड उघडलं, तोवर "स्वल्प मुंदे होगी!" करत ती गर्दी पुढे ढकलत निघून गेली. मी पुढे बघत राहिलो. कुणीतरी उठेल म्हणून.

डेपो.

१९ एप्रिल

निहारला पुन्हा यावं लागलं. या वेळी तो बोलला.

"आप्पा, एकोणचाळीस डिग्री आहे बाहेर. तुम्ही डेपोच्या पायरीवर बसला होता. पाण्याची बाटली पण नव्हती."

"बसवायला माणसं चांगली होती."

"विषय तो नाहीये." मग त्याने सांगितलं. एचएसआर लेआउटला फ्लॅट बघितलाय, त्या दोघांची ऑफिसं तिकडेच. जूनमध्ये जायचं. खाली बाग आहे, गेटवर माणूस आहे. मला विचारल्याशिवाय गेटबाहेर सोडणार नाही म्हणे. हे त्याने चांगली गोष्ट म्हणून सांगितलं.

मी म्हटलं, "मी येणार नाही."

"का? एक कारण द्या."

कारण काय देऊ? मी एचएसआरला गेलो तर ती कुणाच्या पुढे बसणार? बस येईल, हेब्बाळला ती चढेल, हुणसेमरला उठेल, आणि मागून कुणी उतरणार नाही. असं किती गुरुवार करील ती? जिवंत होती तोवर तिने मला कुठे हरवू दिलं नाही. आता मी तिला रस्त्यात टाकून गेटाआड जाऊन बसू?

यातलं काही बोललो नाही. "इथलं पाणी मला मानवतं," एवढंच म्हणालो. नेमका त्याच वेळी खाली पाण्याचा टँकर आला आणि निहार हसायला लागला. मलाही हसू आलं. सूनबाई मात्र हसल्या नाहीत.

"शाळा उघडेपर्यंत थांबू," त्या म्हणाल्या. "तोवर आप्पा स्वतःचे स्वतः नीट घरी आले, तर इथेच राहायचं."

"आणि नाही आले तर?"

"मग जाऊ. आप्पा, डील?"

मी हो म्हटलं. आपण शपथच घेतली असं वाटलं.

२ मे, गुरुवार

एक स्टॉप आधीच उतरलो. चालत आलो. निहारचं मत, हे धरायचं नाही.

९ मे, गुरुवार

आज एक गोष्ट लक्षात आली आणि लाज वाटली. पुढे बघण्यासारखं कुणी नव्हतं म्हणून खिडकीबाहेर पाहिलं. या रस्त्याने मी अर्धा जन्म गेलो, पण हा रस्ता मी पाहिलेलाच नाही! हेब्बाळचं तळं ओळखीचं, त्यापुढे सगळं नवं. काचेच्या इमारती. एका इमारतीच्या काचांत आमची बस दिसली, लांबलचक, आणि तिच्या मागच्या खिडकीत एक म्हातारा. पुढची खिडकी काचेतही रिकामीच होती. मुद्दाम पाहिलं.

हुणसेमर म्हणजे चिंचेचं झाड. तिथे झाड नाही. रस्ता रुंद करताना कधीच गेलं. तरी कंडक्टर अजून त्या झाडाचं नाव पुकारतात आणि माणसं त्याच्या नावावर उतरतात. झाड गेल्यावर नाव किती वर्षं उभं राहू शकतं, कोण जाणे.

आज कुणाला तरी विचारून उतरलो. विचारून उतरलेलं धरायचं की नाही, यावर नवरा-बायकोत वाद झाला. सूनबाई भांडल्या, पण हरल्या.

१६ मे, गुरुवार

मोठ्या हॉस्पिटलची पाटी. मग उतार, तिथे बस डावीकडे झुकते आणि पोटात किंचित हलतं. मग टायरवाला. टायरवाल्यानंतर उठायचं. याला चाल लावून पाठ केलं:

पाटी, उतार, झुकाव डावा,
टायरवाला आला रे,
ऊठ गड्या तू, धर रे दांडी,
थांबा आपला झाला रे.

कविता म्हणून टुकार आहे. पण बस झुकली तेव्हा मला मागून नव्हे, पुढून खोबरेलाचा वास आला. पुढे सगळी सुट्टीतली पोरं आणि एक पोत्यावर बसलेला माणूस. मी घाबरून टायरवाल्याच्या आधीच उठून उभा राहिलो. आणि उतरलो ते बरोबर उतरलो.

मला कुणी उठवलं? कवितेने की तिने? निहारला हे सांगितलं नाही. तो म्हणाला, "एकदा जमलं म्हणजे काही प्रूव्ह होत नाही. तीनची बस सुरू झाली की बघू." तो कुठेतरी हरायला राजी आहे असं वाटलं, पण फ्लॅटवाल्याला हो म्हणून बसलाय.

२४ मे

सूनबाई हल्ली पहाटे अंधारातच कॉम्प्युटरपुढे बसलेल्या असतात. फोनवर कुणाशी तरी तावातावाने बोलत होत्या. "गुरुवारी मी पहाटेची शिफ्ट घेते. पण दोन ते साडेचार मला कुणी डिस्टर्ब करायचं नाही. नो, इट्स नॉट निगोशिएबल." बाकीचे दिवस एचएसआरला जायला दीड तास, यायला दीड तास. डोळ्यांखाली काळं आलंय. मी म्हटलं, एवढं कशासाठी ओढवून घेता? तर म्हणाल्या, "आहे एक प्रोजेक्ट." आणि माझ्या ताटात आणखी एक चपाती वाढली.

आमच्या वेळी प्रोजेक्ट नव्हते. पण माणसं अशीच दिसायची, हे खरं.

६ जून, गुरुवार

शाळा उघडल्या. तीनची परत आली. देवाप्पाही परत आला, आणि त्याची पिशवी पुढच्या जागेवर.

"काय अज्जा, आराम?"

"आराम."

"आज शेवटची परीक्षा म्हंतात तुमची."

याला कुणी सांगितलं? विचारणार होतो, तोवर तो गर्दीत शिरला.

हेब्बाळ येईपर्यंत मी त्या पिशवीकडेच बघत होतो. इतके दिवस मध्ये गेले, तिने बस सोडली असेल. कुठे कुठे थांबून कंटाळली असेल. बायका चढल्या. त्यांचं बोलणं, छत्र्या, डबे. मग दोन डोक्यांच्या फटीतून मरून रंग दिसला. अबोलीचा गजरा. मान.

मी हाताची घडी घातली. दुसरं काय करणार?

तळं मागे पडलं आणि ती मान हळूहळू कलू लागली. आधी वाटलं, ती बाहेर बघतेय. मग डोकं खिडकीच्या गजाला टेकलं. बस खड्ड्यातून गेली की डोकं हलायचं आणि परत तिथेच टेकायचं. ती झोपली होती.

पाटी आली. बस डावीकडे झुकली. तीही झुकली, पण जागी झाली नाही.

टायरवाला.

मी दांडी धरून उभा राहिलो. देवाप्पा मागच्या दाराशी एका कॉलेजच्या पोराशी पासावरून हुज्जत घालत होता. वाटलं, पुढे जावं. मधली रेघ ओलांडून बायकांत शिरावं आणि तिच्या खांद्याला हात लावावा. 'कस्तुरा, आलं हुणसेमर.' एवढंच. चार पावलांचं अंतर. दोन पावलं गेलोही. एका बाईने माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या.

तिथून तिच्या कानाची पाळी दिसली. हाताची मूठ मांडीवर उघडी पडली होती, लहान मुलाची पडते तशी. संसारात तिला अशी गाढ झोपलेली मी कधी पाहिली नव्हती. माझ्या आधी उठायची, माझ्यानंतर निजायची. मरणानंतरही दर गुरुवारी उठते आहे, मला वेळेवर उतरवायला. आणि मला आता उतरता येतं.

मी परत फिरलो. मागच्या दाराने उतरलो.

बस सुटली तेव्हा खिडकीच्या काचेवर ऊन होतं, आत काहीच दिसलं नाही. देवाप्पा मात्र दारातून अर्धा बाहेर येऊन हातवारे करत ओरडत होता, "अज्जा! ओ अज्जा! अहो, पुढं त्या..." पुढचं बसच्या आवाजात गेलं. मी त्याला हात केला. राहू दे, असा.

घराला कुलूप होतं. माझ्या किल्लीने उघडलं आणि पायरीवर बसून राहिलो. रडलो, ते लिहायला हरकत नाही.

सूनबाई उशिरा रिक्षाने आल्या. डेपोच्या बाजूने. पिशवी छातीशी गच्च धरलेली, गालावर गजांचे दोन लाल वळ, केस विस्कटलेले. मला पाहून फाटकातच थांबल्या.

"आप्पा! तुम्ही घरी? मी सगळीकडे... कसे आलात?"

"बसने."

"उतरलात कुठे?"

"हुणसेमरला. आणखी कुठे उतरणार?"

"पण कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं?"

त्या माझ्या शेजारी पायरीवर मटकन बसल्या. "मग मला उठव..." म्हणाल्या आणि थांबल्या.

"काय?"

"काही नाही." त्या हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. "काही नाही आप्पा. छान केलंत."

निहार आल्यावर त्यांनीच जाहीर केलं. "आले. एकटे. टोटली एकटे. मी गॅरंटी देते." त्याने हात जोडले. "ओके. तुम्ही जिंकलात. फ्लॅटवाल्याला उद्या नाही सांगतो."

मी म्हटलं, "नको सांगूस. जाऊ या."

निहार म्हणाला, "आता काय झालं? एवढा उन्हाळाभर भांडलात!"

"सूनबाईंचा रोज तीन तासांचा रस्ता वाचेल. चेहरा बघ तिचा. झोप नाही त्या पोरीला."

एवढं बोललो तर प्रियदर्शनी पदर नसलेल्या त्या ड्रेसमध्ये तोंड लपवून हुंदके द्यायला लागल्या. घराचा लळा असतो बायकांना, मला वाटलं नव्हतं त्यांना इतका असेल. मी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. गजऱ्यातली अबोली माझ्या बोटांना लागून खाली पडली.

बाकीचं कुणाला सांगितलेलं नाही. जन्मभर ती उठली की मी उठलो. आज ती निजून राहिली आणि मी उतरलो. शेवटच्या स्टॉपला देवाप्पा उठवील तिला. भला माणूस आहे.

नाहीतर निजू दे.